इंजिन बसलं : कामाला पैसे घालावेत की गाडी काढून टाकावी?

वाहन-सल्ला : वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं

उन्हाळा सरून पहिला पाऊस पडेपर्यंत येणाऱ्या प्रश्नांत तापलेल्या, बसलेल्या आणि पाण्यात अडकलेल्या इंजिनांचेच प्रश्न जास्त असतात. त्यांतले सहा इथे घेतले आहेत. पहिल्याला जागा बरीच दिली आहे, कारण बाकीच्यांचं निम्मं उत्तर त्यातच आहे.

प्रश्न : माझी स्विफ्ट डिझेल, २०१४ चं मॉडेल, १ लाख ६८ हजार किलोमीटर चाललेली. मे महिन्यात छत्रपती संभाजीनगरला जाताना अजिंठ्याच्या घाटात टेम्परेचर लालवर गेलं. लग्नाची घाई होती, म्हणून एसी बंद करून तशीच तीन-चार किलोमीटर ओढली, मग बंद पडली. आता चालू होते, पण सायलेन्सरमधून पांढरा धूर येतो आणि कुलंटच्या टाकीतलं पाणी दोन दिवसांत गायब होतं. गावातला मिस्तरी म्हणतो, "दादा, इंजिन गयं, फुल काम करनं पडी," ८५ हजार. जळगावचा दुसरा म्हणतो, आधी हेड (इंजिनाचा वरचा भाग) खोलू. तेवढ्यावर भागलं तर ३२ हजार. गाडीबाजारात आहे त्या स्थितीत ९० हजार देतात, चालू असती तर २ लाख ४० हजार आले असते. काय करू?
(वाचक, यावल तालुका)

उत्तर : "इंजिन गेलं" हे निदान नव्हे. हेड गॅस्केट (हेड आणि ब्लॉकमधलं पॅकिंग) उडणं, हेड वाकणं किंवा तडकणं, पिस्टन-रिंगा घासणं, क्रँकची (पिस्टनने फिरणाऱ्या मुख्य दांड्याची) बेअरिंगं जाणं ही चार वेगळी दुखणी आहेत आणि चारही बिलं वेगळी. तुमच्या दोन मिस्त्र्यांच्या आकड्यांत ५३ हजारांचं अंतर आहे. ते मजुरीचं नाही, एकाने तपासलं नाही आणि दुसरा तपासू म्हणतोय, याचं आहे.

मात्र तपासायचं म्हणून इंजिन पूर्ण खोलू देऊ नका. बंद पडलेली पण जोडलेली गाडी आणि पिस्टन-क्रँक पोत्यात भरून डिक्कीत टाकलेली गाडी, या दोघींना बाजारात एक भाव येत नाही. दुसरीत काय मोडलंय नि काय हरवलंय हे घेणाऱ्याला कळत नाही, म्हणून तो भंगाराच्या हिशेबाने बोलतो. तुम्हाला मिळालेला ९० हजारांचा भाव जोडलेल्या गाडीचा आहे. तेव्हा आधी न खोलता कळेल तेवढं कळून घ्या, मग हिशेब करून हेड उतरवा, आणि खालचा भाग अगदी शेवटी.

दुसरी गोष्ट, गाडी चालवत जळगावला नेऊ नका, टो करून न्या. कुलंट ऑइलमध्ये उतरत असेल तर ऑइलचा चिकटपणा जातो आणि क्रँकची मेन व बिगएंड बेअरिंगं घासतात. ३२ हजारांचं काम ८५ हजारांचं होतं ते बहुधा याच प्रवासात.

सकाळी इंजिन पूर्ण गार असताना सुरुवात करा. गरम इंजिनाचं कुलंटचं झाकण उघडलं तर उकळतं पाणी तोंडावर येतं. ऑइलची काडी आणि ऑइलच्या झाकणाची आतली बाजू बघा. दुधाच्या चहासारखा घट्ट रंग काडीवरही असेल तर पाणी ऑइलमध्ये आहे. फक्त झाकणाखाली पांढुरका थर असेल तर घाबरू नका, हिवाळ्यात गावातल्या गावात फिरणाऱ्या गाडीला तो बाष्पामुळेही धरतो. मग टाकी भरून, झाकण उघडं ठेवून इंजिन चालू करा. सुरुवातीचे बुडबुडे अडकलेल्या हवेचे असू शकतात. मिनिट-दोन मिनिटांनंतरही सारखे बुडबुडे येत राहिले आणि रबरी पाइप लगेच ताठ झाले, तर सिलिंडरचा वायू पाण्यात शिरतोय. थोड्या मोठ्या गॅरेजमध्ये ब्लॉक टेस्टर असतो. त्यातलं निळं द्रव टाकीतल्या वाफेने हिरवट-पिवळं झालं की शंका उरत नाही.

यानंतर कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमधला दाब. डिझेलला ग्लो प्लग (थंड इंजिन चालू होताना सिलिंडर तापवणारा प्लग) काढून गेज लावतात. दीड लाख किलोमीटरनंतर ग्लो प्लग जाम झालेले असतात, कोरड्या थंड इंजिनावर जोर लावला की हेडमध्येच तुटतात आणि मग त्याचं वेगळं काम निघतं. आदल्या रात्री गंज सोडवणारं तेल सोडून ठेवायला सांगा. बॅटरी पूर्ण चार्ज हवी, स्टार्टर हळू फिरला तर आकडे खोटे येतात. चांगल्या डिझेल इंजिनात साधारण २० ते ३० बारच्या दरम्यान आकडा येतो, पण आकड्यापेक्षा चारांमधला फरक महत्त्वाचा. दहा-पंधरा टक्क्यांपर्यंत चालतं. समजा २५, २६, १२, १३ आले. शेजारशेजारचे दोन सिलिंडर पडलेत म्हणजे गॅस्केट त्यांच्या मधोमध उडालंय. हे हेडचं काम. एकच पडला तर वॉल्व किंवा पिस्टन. चारही सारखे खाली आले आणि ऑइलचं झाकण काढल्यावर भकाभका वाफ बाहेर येते, तर मात्र रिंगा आणि बोअर (सिलिंडरची आतली भिंत) घासलेत आणि गावचा मिस्तरी बरोबर आहे.

शेवटी ऑइल काढा आणि जुना फिल्टर कापून कागद उलगडा. उन्हात धरल्यावर त्यात चमचमणारा चुरा दिसला आणि तो चुंबकाला चिकटला नाही, तर तो बेअरिंगचा. रेस दिल्यावर खालून जड "ठक-ठक" येत असेल तर तेच. अशा गाडीवर नुसतं हेड बसवणं म्हणजे पैसे पाण्यात.

एवढं सगळं दीड दिवसाचं काम. यातून हेडकडे बोट गेलं तरच हेड उतरवू द्या, आणि उतरवल्यावर स्वतः समोर उभे राहा. अॅल्युमिनियमचं हेड तापून वाकतं. सरळ पट्टी आडवी-तिरपी ठेवून खालून फीलर गेज (मोजलेल्या जाडीची पातळ पाती) घालतात. नेमकी मर्यादा कंपनीच्या मॅन्युअलमध्ये असते, पण ०.०५ मिलिमीटरची पाती सहज आरपार जात असेल तर हेड तसंच बसवू नये. मग फेसिंगचा, म्हणजे हेडचा तळ घासून सपाट करण्याचा, प्रश्न येतो. डिझेलच्या हेडवर फेसिंग मारायला फार वाव नसतो. जास्त घासलं तर वॉल्व पिस्टनच्या जवळ येतात आणि बऱ्याच डिझेल इंजिनांत पिस्टन ब्लॉकच्या वर किती येतो ते मोजून गॅस्केटची जाडी निवडावी लागते. "जे मिळालं ते गॅस्केट" टाकणाऱ्याकडे हे काम देऊ नका. फेसिंगच्या आधी हेडला प्रेशर टेस्ट. वॉल्वच्या बैठकींच्या मधली केसासारखी चीर नुसत्या डोळ्याला दिसत नाही, दाबाखाली बुडबुड्यांनी दिसते. हेड बोल्ट नवेच. जुने एकदा ताणले गेलेले असतात.

त्याच वेळी सिलिंडरच्या भिंतींवर टॉर्च मारा. तिरप्या बारीक रेषांची जाळी दिसत असेल तर बोअर जिवंत आहे. उभे ओरखडे असतील तर त्यांवर नख फिरवा. नख अडकलं तर बोअर करून ओव्हरसाइज पिस्टन टाकण्यावाचून इलाज नाही. तुमच्या १२४८ सीसी इंजिनाचा ब्लॉक बिडाचा आहे, त्यामुळे बोअर होतो. टायमिंग चेनही आत्ताच बदला, टेन्शनर आणि गाइडसकट. १ लाख ६८ हजारांनंतर तिला पुन्हा बंद करून वर्षभराने उघडण्यात डबल मजुरी जाते.

आता गाडी मुळात का तापली, याचं उत्तर मिळाल्याशिवाय काम पूर्ण समजू नका. आपल्याकडे याचं उत्तर बहुतेक वेळा बोअरवेलच्या पाण्यात सापडतं. टाकी कमी झाली की शेतातल्या बोअरचं पाणी ओतायचं, दोन वर्षांत क्षार रेडिएटरच्या नळ्यांत बसतो. बाहेरून रेडिएटर चकाचक दिसतो. जानेवारीत गाडी तापत नाही, ४४-४५ अंशांत घाट चढताना तापते. रेडिएटर गरम असताना हाताने चाचपा. मधेच गार पट्टा लागला तर तिथल्या नळ्या बुजल्यात. पंख्याची दोन्ही गती चालतात का, वॉटर बॉडीतून (पाण्याच्या पंपातून) पाणी झिरपतंय का, आणि रेडिएटरच्या झाकणाचं रबर फुगलंय का हेही बघा. कुलंट डिस्टिल्ड वॉटरबरोबर निम्मं-निम्मं. आणि "थर्मोस्टॅट काढून टाकतो, गाडी गार राहील" असं कोणी म्हटलं तर नको म्हणा. ज्या इंजिनांत थर्मोस्टॅट बायपासचा मार्गही बंद करतो, तिथे तो काढला की गरम पाणी रेडिएटरला न जाता परत इंजिनातच फिरतं.

आता हिशेब. लोक दुरुस्तीचं बिल गाडीच्या किमतीशी ताडून बघतात आणि "चार आण्याची कोंबडी, बारा आण्याचा मसाला" म्हणून मोकळे होतात. ते माप चुकीचं आहे. बिल ताडायचं ते चालू गाडीचा भाव आणि बंद गाडीचा भाव यांच्या फरकाशी.

विकण्यासाठीच काम करायचं असेल तर २ लाख ४० हजार विसरा. इंजिन खोललेली गाडी म्हटल्यावर गिऱ्हाईक कमी करणारच, २ लाख ५ हजार धरा. त्यातून आजचे ९० हजार वजा केले की १ लाख १५ हजार उरतात. फुल कामाचे ८५ हजार आणि त्यावर पाव हिस्सा वाढीव (टो, इंजेक्टर तपासणी, रेडिएटर, ऑइल-कुलंट, क्लच प्लेट निघालीच तर), असे १ लाख ६ हजार. दोन महिन्यांच्या उठाठेवीनंतर हातात ९ हजार. यासाठी काम करू नका, आहे तशी द्या. हेडवरच भागलं तर ३२ अधिक ८, म्हणजे ४० हजार. ७५ हजार सुटतात. इथे काम करूनच विका.

ठेवायची असेल तर गणित उलटतं. ९० हजार सोडले आणि १ लाख ६ हजार घातले, म्हणजे फुल काम करूनही ही गाडी तुम्हाला १ लाख ९६ हजारांना पडते. त्याच वयाची दुसऱ्याची स्विफ्ट २ लाख ४० हजारांना, आणि तिच्या इंजिनात काय आहे ते घेतल्यावर कळणार. गाडीचा पत्रा चांगला असेल, टायर-सस्पेन्शनचा मोठा खर्च डोक्यावर नसेल आणि तीन-चार वर्षं वापरणार असाल तर आम्ही काम करा असंच म्हणू. तुमची नोंदणी २०२९ पर्यंत आहे. "दहा वर्षांवरची डिझेल बंद होणार" असं सांगून दलाल भाव पाडतात. तो नियम दिल्ली-एनसीआरचा आहे, जळगावचा नाही.

काम देताना कागदावर घ्या : पार्टचं नाव आणि कंपनी, मजुरी वेगळी, लेथचं काम वेगळं, जुने पार्ट परत, आणि हमी किती महिन्यांची नि किती किलोमीटरची. फुल काम झालं तर पहिले हजार किलोमीटर एकसारख्या वेगाने लांब पळवायची नाही, जास्त भार टाकायचा नाही, आणि त्यानंतर ऑइल-फिल्टर पुन्हा बदलायचं. कामात सुटलेला कचरा त्याच ऑइलमध्ये असतो.

प्रश्न : डस्टर १.५ डिझेल, २०१३. लळिंगजवळ चालता चालता बंद पडली, टायमिंग बेल्ट तुटलाय. फिटर म्हणतो नवा बेल्ट टाकू, सहा हजारांत चालू. चालू झाली की मी ती विकून टाकीन म्हणतो. बरोबर आहे ना?
(वाचक, धुळे)

उत्तर : सहा हजारांत ती चालू होईल याची शक्यता कमी आहे. या इंजिनात बेल्ट तुटला की कॅमशाफ्ट (वॉल्व उघडणारी दांडी) थांबते, क्रँक मात्र गाडीच्या वेगाने फिरत राहते आणि वर येणारे पिस्टन उघड्या वॉल्वना ठोकतात. नवा बेल्ट चढवून स्टार्टर मारला तर उरलेसुरले वॉल्वही वाकतात.

आधी एकेका सिलिंडरचे दोन्ही वॉल्व बंद येतील अशी कॅम हाताने फिरवून ग्लो प्लगच्या भोकातून कॉम्प्रेसरची हवा सोडायला सांगा. एअर फिल्टरच्या पाइपातून "फुस्स" आवाज आला तर इनटेक वॉल्व वाकलाय, सायलेन्सरमधून आला तर एक्झॉस्ट. चारही सिलिंडर हवा धरत असतील तर तुमचं नशीब. नाहीतर हेड उतरवून वॉल्व, गाइड, सील. एकूण आठच वॉल्व आहेत, म्हणून हे काम सोळा वॉल्वच्या इंजिनाइतकं महाग पडत नाही. पिस्टनच्या डोक्यावर वॉल्वच्या चंद्रकोरी उमटल्या असतील तर खोली बघा. नुसता डाग असेल तर चालतो, खड्डा असेल तर पिस्टन आणि रॉडही तपासा. बेल्टबरोबर टेन्शनर आणि वॉटर पंप एकदमच बदला. पंप त्याच बेल्टवर चालतो, तो जाम झाला की नवाही बेल्ट तुटतो.

विकायचीच असेल तर हवेची चाचणी करून, तिचा व्हिडिओ दाखवून आहे तशी विका. "बेल्ट तुटलाय, दोन वॉल्व वाकलेत, खालचं इंजिन ठीक" हे माहीत असलेल्या गाडीला नुसत्या "बंद पडलीय"पेक्षा बरा भाव येतो.

प्रश्न : शहाद्याहून घरी येताना फरशीवरून (ओढ्यावरच्या ठेंगण्या पुलावरून) पाणी वाहत होतं. पुढची जीप गेली म्हणून मीही पेट्रोल गाडी घातली, मध्येच बंद पडली. दोन-तीनदा सेल्फ मारला, "टक्" आवाज करून थांबली. विमा फुल आहे. गाडी आहे तशी घेऊन दलाल ६० हजार द्यायला तयार आहे. द्यावी का?
(वाचक, नंदुरबार जिल्हा)

उत्तर : विम्याचा निर्णय हातात येईपर्यंत देऊ नका, आणि सर्व्हेअर येऊन जाईपर्यंत कोणाला हातही लावू देऊ नका. कंपनीला आजच कळवा. पाणी कुठपर्यंत चढलं त्याची खूण, सीटखालचा गाळ, एअर फिल्टरच्या डब्यातलं पाणी, सगळ्याचे फोटो काढा.

हवेच्या मार्गाने पाणी सिलिंडरमध्ये शिरलं की पिस्टन अडतो, कारण पाणी दाबलं जात नाही. सेल्फचा जोर मग कनेक्टिंग रॉडवर येतो आणि रॉड वाकतो. सेल्फ मारल्याने झालेलं हे नुकसान साध्या सर्वसमावेशक पॉलिसीत कंपन्या "नंतर ओढवून घेतलेलं" म्हणून नाकारतात. पॉलिसीच्या कागदावर इंजिन प्रोटेक्ट नावाचं ॲड-ऑन आहे का ते आधी बघा. असेल तर इंजिन मिळू शकतं. नसेल तरी पुरामुळे भिजलेली वायरिंग, सीट, ईसीयू (इंजिनाचा संगणक) यांचा दावा करता येतो. आणि दुरुस्तीचा एकूण खर्च गाडीच्या आयडीव्हीच्या (पॉलिसीत धरलेल्या गाडीच्या किमतीच्या) ७५ टक्क्यांवर गेला तर कंपनी ती पूर्ण नुकसान धरते. तेव्हा ६० हजारांत देऊन टाकणं म्हणजे हातचं सोडणं.

सर्व्हेनंतर : बॅटरी काढा, सगळे स्पार्क प्लग काढा, क्रँकच्या पुलीवर पाना लावून हाताने पूर्ण दोन फेरे फिरवा. पाणी भोकांतून उडेल. फेरा मध्येच ठाम अडला तर तिथेच थांबा. फिरलं तर ऑइल, फिल्टर बदलून कॉम्प्रेशन मोजा. एकाच सिलिंडरचा आकडा लक्षात येण्याइतका कमी असेल आणि प्लगच्या भोकातून पातळ सळई घालून मोजल्यावर तोच पिस्टन बाकीच्यांपेक्षा खाली थांबत असेल, तर रॉड वाकलाय. वाकलेल्या रॉडवर गाडी चालतेही, काही दिवस. मग रॉड ब्लॉक फोडून बाहेर येतो.

प्रश्न : वॅगन आर, २०१२, १.० पेट्रोल. शेतरस्त्यावर दगडाने चेंबर (इंजिनाखालची ऑइलची टाकी) फुटलं. ऑइलचा लाल दिवा लागला होता, पण गाव दोन किलोमीटरवर होतं म्हणून आणली. आता क्रँक फिरतच नाही. भंगारातलं चालू इंजिन २८ हजारांना मिळतंय. टाकावं का?
(वाचक, अमळनेर)

उत्तर : ऑइलचा लाल दिवा पेट्रोलच्या दिव्यासारखा "लवकर भरा" असं सांगत नाही. तो लागला म्हणजे बेअरिंगला ऑइलचा दाब पोचत नाही. बेअरिंगं क्रँकला चिकटतात. क्रँक घासून ०.२५ किंवा ०.५० मिलिमीटर कमी साइजची बेअरिंगं टाकता येतात, पण क्रँक निळी पडली असेल, रॉडचं भोक गोल राहिलं नसेल, तर तीन सिलिंडरचं हे काम जुन्या इंजिनाच्या किमतीपुढे जातं. म्हणून तुमच्या बाबतीत दुसरं इंजिन हा चांगला पर्याय आहे, मात्र दोन अटींवर.

पहिली यांत्रिक. खाली पडलेलं इंजिन "चालू होतं" या शब्दावर घेऊ नका. तिन्ही सिलिंडरचं कॉम्प्रेशन तुमच्यासमोर मोजा, पेट्रोलला साधारण १० ते १४ बार आणि तिघांत फार फरक नको. चेंबर काढून तळात बघा. हेच १.० इंजिन अल्टो के-१०, ए-स्टार, सेलेरियोतही होतं. ब्लॉक बसेल, पण सेन्सर, मॅनिफोल्ड, वायरिंगचे सॉकेट तुमच्याच गाडीचे लावावे लागतील हे आधी ठरवा. बसवण्याआधी वॉटर पंप बदला, आणि मागचं ऑइल सील नि क्लच प्लेटही बदलून टाका, कारण नंतर या दोन्हींसाठी गिअरबॉक्स पुन्हा उतरवावा लागेल.

दुसरी अट कागदाची. इंजिन नंबर ब्लॉकवर कोरलेला असतो आणि तुमच्या आरसीवर जुना नंबर आहे. ज्या गाडीचं इंजिन आहे तिच्या आरसीची प्रत आणि नंबर लिहिलेलं बिल घ्या, आरटीओत नवा नंबर नोंदवा. नाहीतर विकताना ट्रान्सफर अडतं, विम्याचा दावा अडतो, आणि इंजिन चोरीच्या गाडीचं निघालं तर पोलीस तुमच्या अंगणात येतात. नंबर खरवडलेला असेल तर २८ काय, ८ हजारांतही नको.

प्रश्न : इंडिका डिझेल, २००७. ऑइल पिते, निळा धूर मारते, सकाळी चालू होत नाही. फुल काम ५५ हजार. करू का?
(वाचक, भुसावळ)

उत्तर : नको. नोंदणीची पंधरा वर्षं २०२२ लाच संपली. फेरनोंदणीचं शुल्क (एप्रिल २०२२ पासून १५ वर्षांवरच्या मोटारीला ५,००० रुपये, वीस वर्षांनंतर आणखी वाढतं), फिटनेस, हरित कर आणि त्यासाठी पत्रा-लाइट-ब्रेकचं काम, हा सगळा खर्च त्या ५५ हजारांशिवाय वेगळा येईल. मात्र गल्लीतल्या भंगारवाल्याला देऊ नका. आरसी जिवंत राहते आणि तुमच्या नावाची नंबरप्लेट कुठेतरी फिरते. सरकारमान्य नोंदणीकृत स्क्रॅपिंग केंद्रात द्या. तिथून मिळणारं ठेव प्रमाणपत्र दाखवल्यावर नव्या गाडीचं नोंदणी शुल्क माफ होतं आणि रोड टॅक्समध्ये सवलत मिळते.

प्रश्न : यजमानांची बंद पडलेली गाडी मागच्या महिन्यात बऱ्हाणपूरच्या माणसाला ७० हजारांना विकली. त्याने टो करून नेली. "इंजिन करून मग नावावर करतो" म्हणाला. आरसी अजून यजमानांच्याच नावावर आहे, बँकेचं कर्ज फिटलंय. काही अडचण येईल का?
(एक वाचक भगिनी, चाळीसगाव)

उत्तर : ताई, येऊ शकते, आणि तीही मोठी. बंद गाडीच्या व्यवहारात नेमकं हेच होतं. चालत नाही म्हणून कागद लांबतात, आणि तीन महिन्यांनी ती चालायला लागते. उद्या तिने अपघात केला आणि तेव्हा विमा संपलेला असेल, तर भरपाईची नोटीस यजमानांच्या नावाने येईल. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्येच स्पष्ट केलंय की नोंदणीत ज्याचं नाव तोच मालक धरला जाईल, गाडी मधल्या काळात कितीही हातांतून गेली असली तरी.

आरसीवर अजून बँकेचं नाव असेल तर बँकेची एनओसी आणि फॉर्म ३५ देऊन ते आधी काढा. फक्त कर्ज फिटून ते निघत नाही. मग फॉर्म २९ आणि ३० वर दोघांच्या सह्या. गाडी मध्य प्रदेशात जाणार म्हणून फॉर्म २८ ची एनओसी गाडी जिथे नोंदलेली आहे त्या आरटीओकडून लागते. त्याआधी ई-चलन बाकी आहे का ते परिवहनच्या पोर्टलवर बघा, बाकी असेल तर अर्ज अडतो. विकणाऱ्याने कळवायची मुदत राज्यातल्या राज्यात १४ दिवस, परराज्यातल्या खरेदीदाराबाबत ४५ दिवस आहे. महिना गेलाय म्हणता, तेव्हा या आठवड्यातच करा.

गाडी ताब्यात दिल्याची तारीख आणि वेळ लिहिलेली पावती नसेल तर आता करून घ्या, त्याच्या आधारची प्रत आणि सही घेऊन. फास्टॅग बंद करा. विमा कंपनीला विक्री कळवा आणि नो क्लेम बोनसचं पत्र मागून ठेवा. तो बोनस गाडीचा नसतो, यजमानांचा असतो, आणि पुढच्या गाडीला तीन वर्षांच्या आत लावता येतो.

पुढच्या वेळी दलालाला द्यायची झाली तर त्याच्याकडे आरटीओचं अधिकारपत्र आहे का ते विचारा. एप्रिल २०२३ पासून अशा अधिकृत व्यापाऱ्याला गाडी देताना फॉर्म २९-सी ऑनलाइन भरला की पुढची जबाबदारी त्याच्यावर जाते. आणि बऱ्हाणपूरवाल्याने सह्या करायला टाळाटाळ केली, तर त्याला रजिस्टर पोस्टाने पत्र पाठवा आणि त्याची प्रत त्याच आरटीओत पोच घेऊन द्या.